अब्दुल नव्हे, अब्दुल रज्जाक

मुलाणी सर गेले तेव्हा शिरूरला आमच्या शाळेत शोकसभा झाली. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सरांचा फोटो, फोटोला हार, आणि खाली कार्डशीटवर चित्रकलेच्या सरांनी वळणदार अक्षरांत लिहिलेलं: 'कै. अब्दुल मुलाणी सर'. चार शब्द, त्यांतले पहिले दोन चूक. आदल्याच दिवशी आमच्या शाळेतली मंडळी दौंडला जाऊन ज्यांना माती देऊन आली होती, त्यांना आम्ही एका अक्षरात कैलासाला पाठवून दिलं होतं. आणि 'अब्दुल' या नावाला तर त्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी ओ दिली नव्हती.

मग भाषणं झाली. संस्थेचे सचिव बोलले, "अब्दुल सर म्हणजे शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. कधी कुणाशी वाद नाही, कधी चढा आवाज नाही." माझ्या शेजारी प्रयोगशाळेच्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण तो रडण्यासाठी नव्हता.

सरांचा चढा आवाज मैदानापलीकडच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायचा. ते रागीट होते. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत कशा ना कशावर संतापलेले असायचे, आणि मला जेवढं आठवतं त्यात त्यांचा राग बहुतेक वेळा बरोबर होता. नोकरी संपली की माणसाकडून कपाटाची किल्ली परत घेतात, तसा त्या सभेत त्यांच्याकडून त्यांचा राग काढून घेतला. मी चहाला थांबले नाही.

मी शाळेत लागले ती नव्वद सालानंतर लगेचच. माहेर केडगावजवळचं, नोकरी शिरूरला, त्यामुळे इथं खोली घेऊन राहावं लागणार होतं. माझं आडनाव गायकवाड. या आडनावावरून लोकांना अंदाज लागत नाही. मग ते गाव विचारतात. गाव सांगितलं की गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारतात. ते सांगितलं की खोली आधीच कुणाला तरी दिलेली असते. त्या पहिल्या आठवड्यात मी हे सगळं ऐकून शिक्षकखोलीत येऊन बसायची, आणि समोरच्या बाकावर एक उंच, सडपातळ गृहस्थ मान खाली घालून वह्या तपासत असायचे. पांढरा, कडक इस्त्रीचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. तोंडात लवंग.

आमचा शिपाई बबन दारात आला. "अब्दुल सर, हेडसरांनी बोलावलंय."

गृहस्थांनी पान उलटलं.

"ओ अब्दुल सर!"

लाल पेन चालूच. मला वाटलं, यांना कमी ऐकू येत असेल. मी नवीन, उत्साही. वाकून म्हटलं, "सर, तुम्हाला बोलावतायत."

"मला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला न्हाई. कुणीतरी अब्दुल म्हणून हाय, त्याला बोलावतायत. तुम्ही ओळखता का त्याला?"

मला काही कळेना. बबन दारात हसत उभा होता. हा खेळ त्याला पाठ होता. सरांना मात्र तो खेळ नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि एका दमात सांगितलं, मला आणि बबनलाही, बहुतेक शंभराव्यांदा.

"अब्द म्हंजे चाकर, दास. उल म्हंजे 'चा'. अब्दुल म्हंजे काय झालं? 'चा चाकर'. कुणाचा? पुढं पत्ताच न्हाई. बरोबरचं चिन्ह काढलं आन् पुढं काहीच लिहिलं न्हाई, अशा गणिताला मी मार्क देतो का? मग अशा नावाला ओ का देऊ? रामदासला कुणी नुसतं दास म्हणतं का? 'ए दास, चहा आण'?"

"मग रज्जाक सर म्हणू का?" बबननं विचारलं.

"ते देवाचं नाव हाय. मला चाकर बी म्हणू नको आन् देव बी म्हणू नको. माणूस म्हण. पूर्ण नाव घे, न्हाईतर मुलाणी सर म्हण. पवारांना पवार सर म्हणतोस, जोश्यांना जोशी सर म्हणतोस. माझ्याच वेळी तुला इतका जिव्हाळा कुठून येतो?"

हा प्रश्न मी त्या दिवसापासून विसरलेले नाही. सगळ्या शाळेत एकट्या त्यांनाच पहिल्या नावानं हाक मारत. विचारलं तर म्हणत, प्रेमानं म्हणतो. पण त्या प्रेमात एक हात खांद्यावर वरून ठेवलेला असायचा. बाजारात भाजीवाला, गॅरेजमधला पोरगा, नाटकातला विनोदी नोकर, सगळे अब्दुल; त्यांच्याच ओळीत बी.एस्सी., बी.एड. झालेला हा माणूस. सरांना ते दिसत होतं. बाकीच्यांना दिसत नव्हतं, किंवा दिसूनही चालत होतं.

नावाचं हे प्रकरण फक्त स्वतःपुरतं असतं, तर त्यांना हेकट म्हणून सोडून देता आलं असतं. पण वर्गात कुणाचंच नाव ते तोडायचे नाहीत आणि तोडू द्यायचे नाहीत. पोरं एकमेकांना पम्या, गण्या, बाळ्या म्हणायची. सरांनी ऐकलं की खडू यायचा. "प्रमोद हाय तो. त्याच्या आईनं नऊ महिने विचार करून ठेवलंय. तू कोण कापणारा?" हजेरी घेताना मुलाचं, बापाचं, आडनावाचं, सगळं स्वच्छ म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या तासाचा बराच वेळ हजेरीतच जायचा, आणि त्यावरून हेडसरांशी त्यांचं भांडण व्हायचं.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आली. घोडनदीच्या काठाला, गावाबाहेर, धनगरांची वस्ती होती. आजोबापर्यंत मेंढरांमागं हिंडलेले, आता ज्वारी, थोडा ऊस आणि दारात चार मेंढरं. मुलगी हुशार. नाव नकुसा. मी हे शिक्षकखोलीत सहज बोलले. आमच्याकडे हे नाव नवीन नव्हतं. मुली झाल्या, आणखी नकोत, म्हणून नकुसा. सरांनी वही मिटली.

"तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता?"

"नकुसा. तेच नाव आहे ना."

"हे नाव न्हाई, बाई. ही रोज हजेरीत घातलेली शिवी हाय. सुटल्यावर जाऊ आपण."

मला वाटलं होतं, पुढच्या आठवड्यात, सवडीनं. पण शाळा सुटली तेव्हा ते सायकल धरून फाटकाशी उभे होते. आम्ही वस्तीवर गेलो. मुलीचा बाप बैलांना वैरण टाकत होता. त्यानं घोंगडी अंथरली, आम्हाला बसवलं, आणि लेकरानं काही केलं की काय म्हणून घाबरून बघायला लागला.

"पोरीनं काही केलं न्हाई, आप्पा," सर म्हणाले. "तुम्ही केलंय. तिचं नाव बदला."

"आवं मास्तर, तिसरी पोरगी व्हती. देवाला कळावं म्हनून ठिवलं. मागनं पोरगा झाला बगा."

"झाला ना? म्हंजे देवाला कळलं. आता बदला."

म्हाताऱ्या आजीला हसू फुटलं. बाप डोकं खाजवत म्हणाला, "मंग तुमीच ठिवा येखादं. तुमी शिकल्यालं."

"मी ठेवणार न्हाई. पोर तुमची, नाव तुम्हीच द्यायचं. पण आज द्यायचं. मी बसलोय."

आणि ते खरंच बसले. चहा झाला. आजीनं देवीची नावं सुचवली, ती चुलत्यांच्या घरात आधीच होती. आईनं चुलीपासून एक नाव सांगितलं, ते बापाला मेलेल्या बहिणीचं म्हणून नको वाटलं. मेंढरं वाड्यात आली. सर उठायचं नाव घेईनात. शेवटी दाराआडून मुलगीच म्हणाली, "मला मनीषा पायजे." इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. सरांचा चेहरा पडला. त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मग ते म्हणाले, "ऐकलं का, आप्पा? ठरलं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या वर्गावर आले, माझ्याकडून हजेरीपट घेतला आणि नवीन नाव बापाच्या नावासकट खणखणीत वाचलं. ती मुलगी इतक्या मोठ्यानं 'हजर' म्हणाली, की सगळा वर्ग मागं वळला. कागदोपत्री ते नाव बदलायला कारकुनानं पुढं वर्ष घालवलं, आणि सरांनी ते वर्षभर त्याचं डोकं खाल्लं, ते वेगळं.

वस्तीवरून परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. मी विचारलं, "सर, तुमचं नाव कुणी ठेवलं?"

त्यांनी रस्त्यातला दगड चुकवून सायकल पुढं काढली. मग म्हणाले, "बापानं. भांडगावच्या अलीकडं आमचं गाव. बाप गावचा मुलाणी. जत्रेला, लग्नाला, कुणाच्या नवसाला बकरं कापायचं असलं की हाक यायची, ए मुलान्या. सुगीला खळ्याखळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. कुणी सूपभर घालायचा, कुणी ओंजळभर, कुणी म्हणायचा संध्याकाळी ये. मी झालो तवा बाप म्हणाला, माझा पोरगा कुणाच्या खळ्यावर उभा राहणार न्हाई. रज्जाक म्हंजे पोटाला देणारा. मुंगीला, पाखराला, सगळ्यांना देणारा. त्याचा चाकर तो अब्दुल रज्जाक. म्हंजे त्या एकाचा चाकर, आन् बाकी दुनियेत कुणाचाच न्हाई. कळलं का? नाव चाकराचं, पण ते ताठ उभं राहायला सांगणारं."

"किती छान अर्थ आहे," मी म्हटलं.

त्यांनी सायकल थांबवली. "छान काय? पुढं ऐका. बाप मला शाळेत घालायला घेऊन गेला. मास्तर म्हणाला, एवढं लांब नाव काय करायचंय तुमच्यात? अब्दुल बास झालं. आन् रज्जाक कापून टाकला. बापाला वाचता येत न्हवतं. त्यानं मास्तरचे पाय धरले, उपकार झाले म्हणाला. ज्या शब्दासाठी बापानं ते नाव ठेवलं, तोच शब्द मास्तरनं पेनाच्या एका फटक्यात उडवला. उरलं काय? चाकर. कुणाचा? ज्याच्या मनात येईल त्याचा."

मोठं झाल्यावर पुण्याला खेटे घालून घालून त्यांनी तो शब्द परत मिळवला होता. त्यानंतर तो पुन्हा कुणाला कापू द्यायचा नाही, एवढंच. त्यांच्या रागात मला तरी याहून काही गूढ दिसलं नाही.

त्या रागाची किंमत पुढं वसूल झाली. शाळेच्या बक्षीस समारंभात सचिव प्रमुख पाहुण्यांना शिक्षकांची ओळख करून देत होते. त्या वर्षी गणितात शाळा तालुक्यात पहिली आली होती. सचिवांनी सरांना पुढं बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "हा आमचा अब्दुल. मुसलमान असून इतका आपल्यातला आहे, की सांगितलं नाही तर कळणारसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. मी सरांच्या मानेवरची शीर बघत होते. त्यांनी सचिवांचा हात खांद्यावरून अलगद खाली घेतला आणि माइक स्वतःकडं वळवला.

"माझं नाव अब्दुल रज्जाक महंमद मुलाणी," ते म्हणाले. "सांगितल्यावर कळलं पाहिजे, म्हणूनच नाव असतं. आन् मी 'असून' काही न्हाई. मुसलमान हाय, आन् गणित शिकवतो. दोन्हीच्या मधी 'असून' लागत न्हाई."

मांडवात मागं बसलेल्या एका पोरानं जोरात टाळी वाजवली, त्याला कुणीतरी गप्प केलं.

वर्षभरात हेडसर निवृत्त झाले. नोकरीच्या ज्येष्ठतेनं पाळी मुलाणी सरांची होती. त्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. नेमणूक झाली पवार सरांची, जे त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी लागले होते. सचिवांनी कारण सांगितलं: मुख्याध्यापकाला शांत स्वभाव लागतो. पवार सरांनी एकदा एका मुलाला छडीनं इतकं मारलं होतं, की त्याच्या बापाला शाळेत येऊन बसावं लागलं होतं. पण त्यांचा स्वभाव शांत ठरला, कारण ते वरच्यांशी शांत होते. आमच्याकडे राग मोजायची ही पद्धत आहे. खालच्यावर काढला तर ती शिस्त, वरच्याला दाखवला तर तो दोष. आणि मुलाणी नावाच्या माणसानं दाखवला, तर लोक कुजबुजतात, यांचं रक्तच तसलं.

सरांनी काय केलं? पवार सरांना हार घातला, मनापासून अभिनंदन केलं. त्यांचं म्हणणं, पवारनं माझं काही चोरलं न्हाई, देणाऱ्यानं खोटं वजन केलं. मग संध्याकाळी सचिवांच्या घरी जाऊन ते ओट्यावर उभ्या उभ्या बोलून आले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण पुढं कितीतरी दिवस त्या गल्लीतले लोक सरांना वाट करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी घंटेबरोबर ते वर्गात होते, आणि मुलींच्या मुतारीला दार नाही म्हणून पवार सरांशी भांडत होते.

एवढ्यावर थांबलं असतं, तर ही एका ताठ माणसाची गोष्ट झाली असती, आणि मला ती सांगायला सोपी गेली असती.

सरांना एकच मुलगा, साबिर. सबर करणारा, धीर धरणारा तो साबिर. नाव अर्थातच सरांनी निवडलेलं. आयटीआय करून तो शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात लागला. नगर रस्त्यावरचं शिक्रापूर तेव्हा दर महिन्याला वाढत होतं. शेतांत खोल्यांच्या चाळी उठल्या होत्या, परगावचे, परप्रांतांतले कामगार एकेका खोलीत दाटीनं राहत होते, आणि रस्त्यानं ट्रक थांबायचे नाहीत. साबिरनं तिथं खोली घेतली. सर खुशीत होते. पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहिलं, असं त्यांनी बबनलासुद्धा सांगितलं.

एकदा आम्ही दोघं पुण्याहून पेपर तपासणीच्या बैठकीवरून एसटीनं परत येत होतो. सरांच्या पिशवीत साबिरसाठी घरून आणलेला डबा होता. म्हणाले, "शिक्रापूरला उतरू, पोराला डबा देऊ, मागच्या गाडीनं जाऊ." उतरलो. पत्ता होता, चाळ सापडली. पण साबिर मुलाणी कुणाला माहीत नव्हता. दोन खोल्यांत विचारलं, तिसरीत विचारलं. एका बिहारी पोरानं सरांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "सागर के पापा हो क्या? शकल मिलती है."

तेवढ्यात मालकीणबाई अंगणात आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. "आगं बया, सागरचे वडील का? या की, मुळेकाका, बसा. फस्ट शिफ्टला गेलाय, येतोच आता. लई गुणाचं पोरगं बगा तुमचं. माज्या पोराचा अभ्यास घेतंय. परवा माजं बीपी वाढलं तर त्यानंच दवाखान्यात न्हेलं." त्यांनी खाट टाकली, पाणी आणलं, चहाला आधण ठेवायला आत गेल्या.

सागर मुळे. सर खाटेवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मला वाटलं, ते गप्प राहतील. मला हेही वाटलं, की आज गप्प राहावं. बाई चांगल्या होत्या, पोराचं बस्तान बसलं होतं, एक कप चहा पिऊन निघता आलं असतं.

बाई चहा घेऊन आल्या. सरांनी कप घेतला नाही. ते उभे राहिले.

"ताई, मी मुळे न्हाई. माझं नाव अब्दुल रज्जाक मुलाणी. तुमच्याकडं राहतो तो माझा मुलगा साबिर. त्यानं तुम्हाला खोटं सांगितलं, त्याबद्दल मी माफी मागतो. बाकी जे तुम्ही त्याच्याबद्दल सांगितलं, ते सगळं खरं हाय."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्या मागची बाई आत निघून गेली. मग त्या म्हणाल्या, "आमचं काय न्हाई वो, काका. आमी असलं काय मानत न्हाई. पन बाकीचे हायेत ना भाडेकरू."

हे बाकीचे कोण असतात, ते मला आजवर भेटलेले नाहीत. मला खोली नाकारतानाही घरमालकाचं काही नव्हतं, बाकीच्यांचं होतं. त्या चाळीतला बाकीचा म्हणजे तो बिहारी पोरगा. तो बिचारा दारात उभा राहून विचारत होता, क्या हुआ, आंटी?

साबिर आला तेव्हा बाईंचा नवरा शेतावरून आलेला होता आणि निकाल लागलेला होता. दुसऱ्या दिवशी खोली खाली करायची. साबिरनं बापाकडं पाहिलं. घरी हे लोक आपसात त्यांच्या दखनीत बोलत. साबिर मात्र त्या दिवशी मराठीत बोलला, सगळ्या चाळीला कळावं म्हणून असेल.

"अब्बा, या गावात मी अकरा घरं फिरलो. अकरा घरांत तुमचं दिलेलं नाव सांगितलं. बाराव्या घरात सागर म्हणालो आन् किल्ली मिळाली."

"मग फिरायचं पुढं. तेरावं बघायचं."

"तुम्हाला पर्मनंट नोकरी होती, अब्बा. तुम्हाला रागवायला परवडलं. मला खोली पायजे होती, लढाई न्हाई."

"आपलं नाव सांगणं म्हंजे लढाई?"

"व्हय. तुम्हाला म्हाईत हाय की."

सरांनी डबा पुढं केला. साबिरनं तो घेतला नाही. येताना एसटीत डबा त्यांच्या मांडीवर तसाच होता, आणि खिडकीबाहेर बघत ते स्वतःशीच, अगदी हळू, कुणाला तरी शिव्या देत होते. कुणाला ते कळत नव्हतं. मला वाटतं, एकाला नव्हे. त्या मालकाला, मुलाला, भांडगावकडच्या त्या जुन्या मास्तरला, आणि थोड्या स्वतःलाही.

साबिर नंतर तिथून लांब, दुसऱ्या कारखान्यात गेला. बरेच महिने घरी आला नाही. सर शाळेत यायचे, शिकवायचे, पण भांडायचे नाहीत. सचिवांना वाटलं, वयानं माणूस निवळला. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "गायकवाड बाई, मी चुकलो का?"

"तुम्ही खरं बोललात, सर."

"ते मी विचारलं न्हाई."

घंटा झाली आणि मी खडू-डस्टर उचलून वर्गावर गेले. एवढं मात्र मला पक्कं कळतं, की बाप आणि मुलगा यांच्यात कोण चुकलं हा प्रश्न त्या दोघांनी सोडवायचा नव्हताच. ज्यांनी अकरा दारं लावली त्यांनी तो सोडवायचा होता. ते मात्र कुणालाच काही न विचारता सुखानं चहा पितात, भाडी घेतात, शोकसभेत भाषणं करतात. आणि माझ्यासमोर तो प्रश्न घेऊन बसला होता एक भला माणूस, ज्यानं फक्त आपलं नाव सांगितलं.

निवृत्त झाल्यावर सर दौंडला राहायला गेले. त्यांच्या पत्नीचं माहेर तिथलं, भाऊ रेल्वेत. माझं माहेरी जाणं दौंडवरूनच व्हायचं, शिरूरहून एसटी आणि पुढं केडगावपर्यंत रेल्वे. त्यामुळे अधूनमधून गाठ पडायची. साबिर सणासुदीला यायला लागला होता. बापलेक बोलायचे, पण शिक्रापूरचा विषय दोघंही टाळायचे, असं त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दौंडच्या फलाटावर, जाण्याआधी काही महिने. साबिरला सोलापूरच्या गाडीत बसवून द्यायला आले होते. शर्ट तसाच कडक, मनगटापर्यंत बटणं, फक्त अंगात सैल झालेला. आम्ही दोन वाक्यं बोललो असू, तोवर साबिरचा मोबाइल वाजला. तो डब्याच्या दारात उभा होता. बापाकडं पाठ करून त्यानं फोन घेतला. "हां, सागर बोलतोय. गाडीत बसलो. रात्रीपर्यंत खोलीवर पोचतो."

सरांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्यांनी हातातली पिशवी दारातून आत सरकवली, नीट, भिंतीला टेकवून ठेवली. शिट्टी झाली, गाडी हलली. साबिरनं खिशात फोन टाकला आणि हात केला.

गाडी थोडी पुढं गेली आणि सर तिच्याबरोबर चालायला लागले, आधी सावकाश, मग झपाझप. आणि मग त्यांचा तो आवाज निघाला, मैदानापलीकडं जाणारा.

"साबिर! साबिर अब्दुल रज्जाक मुलाणी!"

चहावाला थांबला. हमाल वळले. डब्याच्या खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. दारातल्या साबिरनं आधी आजूबाजूच्या प्रवाशांकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण गाडीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, आणि डबा वळणाआड गेला.

फलाटाच्या टोकाला सर धापा टाकत उभे होते. लोक अजून त्यांच्याकडं बघत होते. ते वळले, चष्मा वर सारला, आणि त्या सगळ्यांवर ओरडले, "काय बघताय? बाप पोराला हाक मारतोय!"

मग माझ्याकडं न बघता ते पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. कुणीतरी वाट अडवून बसलं होतं, त्याच्याशी त्यांचं भांडण सुरू झालेलं मला खालपर्यंत ऐकू येत होतं.